माळ्यावरचा बिल्ला भंगारात देण्याआधी

वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला आणि घरोघरचे माळे रिकामे होऊ लागले. गाद्या, पितळेचे घंगाळ, बंद पडलेला मर्फी रेडिओ खाली उतरतो, आणि त्यांच्यामागून एखादा बिस्किटांचा डबा. डब्यात सुट्या किल्ल्या, बटणे आणि तळाशी दोन-चार बिल्ले. भंगारवाला डब्यासकट वजन करतो. घंगाळाचा भाव घरात सगळ्यांना ठाऊक असतो, बिल्ल्याचा कोणालाच नसतो, त्यामुळे घासाघीस घंगाळापुरतीच होते.

हा लेख त्या डब्यासाठी आहे. निवडणुकीचे, मोर्च्याचे, युनियनचे बिल्ले आणि जुन्या जाहिरातींच्या पाट्या, डबे, कॅलेंडरे ओळखायची कशी आणि त्यांचे मोल ठरवायचे कसे, एवढाच विषय. भाव शेवटी येतो. वस्तू कधीची आहे हे कळल्याशिवाय भाव विचारायला गेलात, तर समोरचा सांगेल तोच भाव.

नवी मुंबई नवी असली तरी इथल्या घरांतला माल जुना आहे. लालबाग-परळची गिरणगावातली कुटुंबे इथे आली, त्यांच्याबरोबर गिरणी युनियनचे बिल्ले आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या दत्ता सामंतांच्या संपाची आठवण अनेक घरांत वस्तुरूपाने असते. घाऊक बाजार मशीद बंदराकडून वाशी-तुर्भ्याला हलला, तसे माथाडी आले; अण्णासाहेब पाटलांची चळवळ आणि १९६९ चा माथाडी कायदा हा त्यांच्या घरातला इतिहास. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांकडे गेटवरचे नंबरी बिल्ले आणि दीर्घ सेवेची पदके आहेत. आणि मूळच्या गावठाणांत तर याहून जुने काही निघू शकते. उरण तालुक्यातल्या चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचे जासई-दास्तान फाट्याचे आंदोलन जानेवारी १९८४ चे. या भागातला शेतकरी कामगार पक्षाचा खटारा छापलेला साधा कागदी बिल्ला मला दिल्लीत ठोक बनलेल्या चकचकीत पितळी बिल्ल्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो फक्त इथलाच आहे.

आधी चिन्ह पाहा

राजकीय बिल्ल्याचे वय काढायला निवडणूक चिन्हासारखा साक्षीदार नाही. काँग्रेसची बैलजोडी १९५२ च्या निवडणुकीपासून १९६९ च्या फुटीपर्यंतची. १९७१ ची लोकसभा इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरावर लढला आणि संघटना काँग्रेस चरखा चालवणाऱ्या बाईवर. पंजा आला १९७८ मध्ये. म्हणजे गाय-वासराचा बिल्ला हातात आला की तो सत्तरीच्या दशकातला, पुढचा-मागचा नाही. जनसंघाची पणती १९७७ मध्ये पक्ष जनता पक्षात विलीन झाला तेव्हा विझली; जनता पक्षाने ती निवडणूक चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढवली; कमळ १९८० पासूनचे. प्रजा समाजवाद्यांची झोपडी, स्वतंत्र पक्षाचा तारा, कम्युनिस्टांचे कणीस-विळा ही चिन्हे पन्नास-साठच्या दशकांतल्या डब्यांत सापडतात.

फसगत होते ती परत आलेल्या चिन्हांत. शिवसेनेला धनुष्यबाण कायमचा मिळाला १९८९ मध्ये. त्याआधी ढाल-तलवार, रेल्वे इंजिन, मशाल अशी वेगवेगळी चिन्हे सेनेच्या उमेदवारांनी वापरली; छगन भुजबळ १९८५ मध्ये माझगावातून निवडून आले ते मशालीवर. इंजिन पुढे मनसेकडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठवला गेला तेव्हा ठाकरे गटाला मशाल आणि शिंदे गटाला काही काळ ढाल-तलवार मिळाली. आता मशालीचा बिल्ला ‘पंच्याऐंशी सालचा’ म्हणून कोणी दाखवला, तर चिन्ह पाहून भागणार नाही. पत्रा, छपाई आणि मागची पिन पाहावी लागेल. हत्तीचेही तसेच. तो आधी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा, मग १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचा, आणि पुढे बहुजन समाज पक्षाचा.

स्वातंत्र्यापूर्वीच्या बिल्ल्यांवर झेंडा बघावा. पांढरा-हिरवा-लाल असा चरख्याचा झेंडा १९३१ पूर्वीचा. केशरी-पांढरा-हिरवा आणि मधे चरखा असा १९३१ नंतरचा. अशोकचक्र दिसले की २२ जुलै १९४७ नंतरचा. काँग्रेस अधिवेशनांचे ‘प्रतिनिधी’, ‘स्वयंसेवक’, ‘स्वागत समिती’ असे लिहिलेले बिल्ले या सगळ्यांत मानाचे. महाराष्ट्रात असा शोध घ्यायचा तर डिसेंबर १९३६ चे फैजपूर अधिवेशन विसरू नका. काँग्रेसचे ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. खानदेशातून मुंबईला आलेल्या कुटुंबांनी आजोबांच्या ट्रंकेचा तळ एकदा नीट बघावा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: चेहऱ्याचे वय म्हणजे बिल्ल्याचे वय नव्हे. बाबासाहेबांचे बिल्ले ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर दरवर्षी नवे येतात. गांधीजींचे कितीतरी बिल्ले १९६९ च्या जन्मशताब्दीचे असतात, शिवछत्रपतींचे १९७४ च्या राज्याभिषेक त्रिशताब्दीचे, आंबेडकरांचे १९९१ च्या जन्मशताब्दीचे. तेही जपण्याजोगे, पण ‘स्वातंत्र्यलढ्यातला’ म्हणून त्यांची किंमत देऊ नये. नेताजी आणि आझाद हिंद सेनेच्या वस्तूंबाबत तर हात आखडलेलाच बरा. मागणी मोठी आहे आणि मागणी असते तिथे कारागीर जागा असतो. हमालाचा पितळी बिल्ला ७८६ नंबरचा निघाला तर ‘दीवार’ आठवून आधी हसावे, मग भिंग काढावे.

पाटी काय बोलते

जाहिरातीच्या वस्तूंना निवडणूक चिन्ह नसते, पण अक्षरे असतात. मराठी पाटीवर ‘येथें मिळेल’, ‘आमचें’, ‘वापरावें’ असे अनुस्वार दिसले तर मजकूर बहुधा १९६२ पूर्वीच्या वळणाचा. त्या वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि हे उच्चारात नसलेले टिंब हळूहळू गळाले. ‘अिथे’, ‘अुत्तम’ अशी अ-ची बाराखडी दिसली तर सावरकरांच्या लिपिसुधारणेचा काळ आठवावा. दर आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधला. शेर आणि तोळे मेट्रिक वजने रुजण्याआधीचे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा; त्याआधी ‘मुंबई २८’ एवढेच पुरे. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हे शेपूट १९५६ च्या कंपनी कायद्याने लावले. शहराच्या नावावरून मात्र घाई नको: इंग्रजी पाटीवरचे ‘बॉम्बे’ १९९५ नंतर सरकारी व्यवहारातून गेले, मराठी पाटीवर मुंबई आधीपासून मुंबईच होती.

कंपन्यांची नावेही कामाला येतात. लिव्हर ब्रदर्स नोव्हेंबर १९५६ पर्यंत, मग हिंदुस्थान लिव्हर, आणि २००७ पासून हिंदुस्थान युनिलिव्हर. एस्सोचे राष्ट्रीयीकरण १९७४ चे, बर्मा-शेलचे १९७६ चे. म्हणून पेट्रोलपंपावरच्या त्यांच्या पाट्यांना वरची मर्यादा आपोआप मिळते. कोकाकोला १९७७ मध्ये गेली आणि १९९३ मध्ये परतली, तेव्हा मधल्या सोळा वर्षांतली ‘जुनी भारतीय कोकाकोला पाटी’ असूच शकत नाही. ट्राममध्ये आणि बसमध्ये वापरलेल्या वस्तूंवर ‘कंपनी’ आहे की ‘अंडरटेकिंग’ ते पाहा. बेस्ट ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेकडे आली आणि मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली.

या खुणा एकेकट्या वापरू नका. प्रत्येक खूण ‘याच्या आधीचे नाही’ किंवा ‘याच्या नंतरचे नाही’ एवढेच सांगते. त्या एकमेकींशी जुळतात का, हे खरे बघायचे. आण्यातला दर आणि सहा आकडी पिनकोड एकाच पाटीवर असतील, तर ती पाटी कुठल्याही साली बनलेली नाही, ती परवा बनलेली आहे.

आपल्या भागातली नावे शोधा, हा माझा आग्रह. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ पासूनचे आहे. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना विसाच्या दशकात उभा राहिला. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची जाहिरात, गोदरेजच्या साबणाची पाटी, कॅम्लिनचा जुना डबा, एशियन पेंट्सचा गट्टू (तो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला), एअर इंडियाचा १९४६ मध्ये जन्मलेला महाराजा, बिनाका टूथपेस्टबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची इवलीशी जनावरे: यांतले काहीही रद्दीत जाण्याच्या लायकीचे नाही.

हातात घेऊन

साधने फार लागत नाहीत. सोनार वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक लोहचुंबक, बॅटरी.

एनॅमलच्या पाटीपासून सुरुवात करू. ही पाटी म्हणजे पोलादी पत्र्यावर काचेची भुकटी लावून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवलेला थर. तळाला गडद अस्तर, त्यावर पांढरा थर, मग एकेक रंग, आणि रंगागणिक पुन्हा भट्टी. म्हणून खऱ्या पाटीवर अक्षराच्या कडेवरून नख फिरवले की बारीक पायरी लागते. लाल पांढऱ्यावर बसलेला असतो, शेजारी नव्हे. पाटी हातात जड लागते. तिरप्या उजेडात धरली तर पृष्ठभाग किंचित लहरी दिसतो, आरशासारखा सपाट नाही. आता जिथे टवका उडाला आहे तिथे भिंग लावा. काच फुटते तसा तो शिंपल्याच्या आकारात फुटलेला असतो, कडेला पांढरा, मग काळे-निळे अस्तर आणि मधे गंज. गंज वर्षानुवर्षे पावसात झिरपलेला असेल तर भोवती तपकिरी कडा उमटते आणि अस्तराखाली शिरलेली दिसते. स्क्रूच्या भोकांकडे वळा. भिंतीवर ठोकताना भोकाभोवतीचे एनॅमल तडकते, आणि स्क्रूच्या डोक्याची गोल खूण पडते. भोके स्वच्छ, गंज मात्र पाटीच्या मध्यावर ठिपक्याठिपक्यांनी, असे दिसले तर आम्ल लावून म्हातारी केलेली पाटी समजावी. मागची बाजूही पाहायची. जुन्या पाटीच्या पाठीवर सहसा अस्तराचा थर असतो, कारण एकाच बाजूला काच बसवली तर पत्रा भट्टीत वाकतो.

नक्कल बहुधा हलक्या पत्र्यावरची छपाई असते. भिंगाखाली रंगाचे सारखे ठिपके दिसतात. आणि मराठी पाटीत सगळ्यात आधी फितूर होते ते अक्षर: जुन्या पाटीवरचा मजकूर हाताने आखलेला, दोन ‘क’ कधी तंतोतंत सारखे नसतात. नकलेवर संगणकाचा फाँट असतो. रेट्रो थाटाच्या हॉटेलांसाठी अशा पाट्या उघडपणे बनतात आणि त्यात वाईट काही नाही; वाईट इतकेच की त्या दोन वर्षांनी चोर बाजारात ‘ओरिजिनल’ होऊन येतात.

बिल्ल्यांचे तीन ठळक प्रकार. कागदी, म्हणजे पुठ्ठ्यावर छापून टाचणी लावलेला; पत्र्याचा, त्यावर थेट रंगछपाई किंवा छापील कागद आणि वर पारदर्शक पातळ थर; आणि पितळी, कधी साधा ठोकलेला, कधी एनॅमल भरलेला. सेल्युलॉइडचा थर दिलेला बटणबिल्ला अमेरिकेत १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रूढ झाला आणि तिथून जगभर गेला. त्याची मागची बाजू पुढच्याइतकीच महत्त्वाची: पिन कुठे वळली आहे, कडेखाली गंज आहे का, बनवणाऱ्याचे नाव छापले आहे का. पितळी बिल्ल्यावर मागे जे. आर. गाँटसारख्या इंग्लिश कारखान्याचा शिक्का असेल तर तो जपून वाचावा. उंच भाग झिजलेले आणि खोलगट भागात काळसरपणा, ही वापराची खूण. सगळीकडे एकसारखा काळसरपणा ही डांबर-पॉलिशची.

कागदी बिल्ल्यांना बाजारात कोणी विचारत नाही, आणि मला ती बाजाराची चूक वाटते. प्रचार संपला की तो फेकायचाच असे, म्हणून उरले फार कमी. शिवाय त्याची नक्कल करण्याची तसदी अजून कोणी फारशी घेत नाही.

भाव

आता पैसे. इंटरनेटवर कोणी एखाद्या बिल्ल्याला पंधरा हजार मागतो म्हणून तुमचा बिल्ला पंधरा हजारांचा होत नाही. मागणारा तीन वर्षे तेच मागत बसलेला असू शकतो. विकले गेलेल्याचा आकडा धरा. मुंबईतील तोडीवाला, ओसवाल, बंगळुरूचे मरुधर अशा लिलावगृहांच्या सूचींत नाण्यांबरोबर पदके, बिल्ले, टोकनेही येतात आणि निकाल पाहता येतात. ते वाचतानाही सावध असावे: घेणाऱ्याने बोलीवर कमिशन आणि कर मोजलेला असतो, देणाऱ्याच्या हातातून कमिशन वजा झालेले असते. तेव्हा छापलेला आकडा पूर्णपणे दोघांपैकी कोणाचाच नसतो.

भाव चढतो कशाने? विरळपणाने, हे खरे, पण विरळ वस्तूला गिऱ्हाईकही असावे लागते. महाराजा किंवा कोकाकोलाला देशभर, देशाबाहेरही गिऱ्हाईक आहे. एखाद्या तालुक्याच्या सहकारी संघाच्या मराठी पाटीला कदाचित महाराष्ट्रात दहा. म्हणून तिचा भाव त्या दिवशी समोर कोण उभा आहे यावर ठरतो. अशी वस्तू घाईने विकू नये. मग अवस्था. पाटीचा टवका कोपऱ्यात असेल तर फार बिघडत नाही, नावाच्या अक्षरावर किंवा चित्रातल्या चेहऱ्यावर असेल तर मोठी घट. रंगवून ‘दुरुस्त’ केलेली पाटी टवक्याच्या पाटीहूनही कमी.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, पूर्वपीठिका. बिल्ला कोणाचा, त्यांनी तो कुठल्या मोर्च्यात लावला, त्या दिवसाचा फोटो, युनियनची पावती, सभेची पत्रिका हे एकत्र ठेवले तर सुट्या बिल्ल्याची वस्तू होते. वडील हयात असतील तर आजच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तारखेसह. बिल्ल्याला चिकटपट्टी लावू नका; चिठ्ठी वेगळी ठेवा आणि दोन्हींवर एकच क्रमांक घाला.

विकत घ्यायचे असेल तर चोर बाजार आहेच. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात, रस्त्यावर मात्र भल्या पहाटेपासून जुना माल मांडलेला असतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. पण नवी मुंबईकराने आधी आपल्या नोडमधल्या भंगारवाल्याशी ओळख वाढवावी. पत्र्याच्या पाट्या त्याच्याकडे वजनावर येतात, आणि दिसली की फोन कर एवढे सांगून ठेवले तर तो करतो. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने राजकीय बिल्ल्याच्या नकलेवर ती बनल्याचे वर्ष छापावे लागते. आपल्याकडे भिंग हाच कायदा.

पुसू नका

आपल्या घरांत पितळ दिसले की हात पितांबरीकडे किंवा चिंचेकडे जातो. बिल्ल्यावर यांतले काही लावू नका. वरचा काळसर थर हाच वयाचा दाखला, तो गेला की भावही जातो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, बस. पाटी साध्या पाण्याने पुसून लगेच कोरडी करायची. भोकांत पाणी राहू द्यायचे नाही.

खाडीकाठच्या शहरात खरा शत्रू दमटपणा. जून ते सप्टेंबर कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पत्र्याचा बिल्ला एका पावसाळ्यात तांबडा होतो. बंद प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदला. पीव्हीसीच्या पाकिटात पितळ हिरवे पडते. सेल्युलॉइड लवकर पेट घेते, देवघराच्या कपाटात ते नको. कॅलेंडर आणि पोस्टर लॅमिनेट करून ‘जपणाऱ्यांना’ मी काही सांगू शकत नाही. लॅमिनेशन निघत नाही आणि संग्राहक तशी वस्तू घेत नाही.

शेवटी कायदा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेली कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखित-दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. न्यू जर्सीचा भाचा ‘मामा, ती आजोबांची टिळकांच्या काळातली पाटी घेऊन ये’ म्हणाला, तर पाटी बॅगेत भरण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला काढावा लागतो. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी अर्ज करा, आणि अर्जासोबत वस्तूचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, मोजमाप आणि ती घरात कशी आली याची माहिती तयार ठेवा.